हात खाली : पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या नोंदी

३ ऑगस्ट

यादी लागली आणि तिच्यात माझं नाव आहे. १० मीटर एअर पिस्तूल, महिला गट. तीनदा वाचली, मग सरांना फोन केला. सर म्हणाले, "छान. आता वही काढ आणि मागच्या दहा स्पर्धांच्या सिरीज एकाखाली एक लिही."

लिहिल्या. दहा शॉटांची एक सिरीज, अशा सहांची एक मॅच: ९३, ९१, ९४, ८७, ९२, ९३. पुढची: ९२, ९४, ८८, ९१, ९५, ९०. दहापैकी आठ स्पर्धांत एक सिरीज अशी खड्ड्यात गेलेली. बाकीच्या पाच बऱ्या, एक बुडालेली. त्या एका सिरीजमध्ये दोन-तीन आठ आणि एखादा सात. प्रत्येक वेळी वेगळं कारण लिहिलंय: हात थकला, घाम आला, शेजारची जोरात श्वास घेत होती. सरांनी ती कारणं वाचली आणि वही मिटली.

"तो सात लागला तेव्हा चाप दाबायच्या आधी कळलं होतं का, की शॉट बिघडतोय?"

कळलं होतं.

"मग दाबलास कशाला? हात खाली घ्यायचा."

स्पर्धा १४ नोव्हेंबरला. आजपासून १०३ दिवस. या वहीत एवढ्या एकाच गोष्टीचा माग ठेवायचा, असं ठरवलं आहे: पिस्तूल उचललं आणि शॉट न मारता खाली आणलं, असं किती वेळा झालं आणि का. रकान्याचं नाव 'खाली'.

९ ऑगस्ट

आज शॉट कमी, आकडेमोड जास्त. बिघडलेला शॉट नक्की कुठून बिघडतो, ते कागदावर मांडून बघितलं.

टारगेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्रा रेषेला नुसता शिवला तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टारगेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी.

आता हात हलतो त्याचं गणित. पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी) आणि मागची साइट (डोळ्याच्या बाजूची खाच) एका ओळीत राखून अख्खा हात ३ मिलिमीटर उजवीकडे गेला, तर छर्राही जवळजवळ ३ मिलिमीटरच उजवीकडे जातो. दहाच. पण माझ्या पिस्तुलावर दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर आहे आणि टारगेट १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. पुढची साइट मागच्या खाचेत ०.१ मिलिमीटर सरकली की टारगेटवर ३ मिलिमीटर. ०.३ मिलिमीटर सरकली की ९ मिलिमीटर, आणि दहा गेला. ०.३ मिलिमीटर म्हणजे कागदाच्या तीन पानांची जाडी!

हे मला पाठ होतं, पण तीन पानं चिमटीत धरून बघितली तेव्हा पटलं. नजर टारगेटवर गेली की काळा गोल स्वच्छ दिसतो आणि पुढची साइट पुसट होते, मग ती तीन पानं सरकलेली दिसणार कशी? माझे सात तिथूनच येतात. तेव्हा हात खाली घ्यायचं पहिलं कारण ठरलं: साइट पुसट झाली की खाली. काळा गोल कितीही मध्यावर दिसत असो.

१७ ऑगस्ट

पहिली खरी मोजणी. रेंजवरची मैत्रीण मागे खुर्ची टाकून बसली आणि रेघा ओढत गेली. ६० शॉट, एकूण ५५८. पिस्तूल उचललं ६३ वेळा. म्हणजे सबंध मॅचमध्ये मी फक्त तीन वेळा हात खाली घेतला! वेळ लागला ४८ मिनिटं.

मॅचला ७५ मिनिटं मिळतात. शॉटमागे ७५ सेकंद. त्यातली २७ मिनिटं मी कुणाला मागितल्याशिवाय परत करून आले. मैत्रिणीने माझा चेहरा बघून रेघा परत मोजल्या. तीनच होत्या.

३१ ऑगस्ट

दोन आठवड्यांचा सराव थोडक्यात: सकाळी अर्धा तास पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर. छर्रा नाही, टारगेट नाही, बघायला फक्त पुढची साइट. भिंतीवर नेम धरायलाच काही नसल्यामुळे नजर भटकत नाही. चाप सुटताना साइट जागची हलली की नाही, एवढंच बघायचं. संध्याकाळी रेंजवर ४० शॉट.

सरांनी दोन नियम घालून दिलेत. हात नेमात स्थिरावल्यापासून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली. आणि मैत्रीण मागून मनाला येईल तेव्हा "खाली" म्हणणार, तेव्हा शॉट कितीही सुंदर जमत असला तरी खाली.

हा दुसरा नियम फार जड जातो. बोटाने चापाचा पहिला टप्पा घेतलेला असतो, दुसऱ्यावर दाब चढत असतो, सगळं जुळून आलेलं असतं आणि मागून शब्द येतो. पहिल्या दिवशी सातपैकी पाच वेळा शब्द कानावर पडूनही मी शॉट मारला. बोट थांबतच नव्हतं. काल सातपैकी सहा वेळा थांबले. थांबलेलं बोट सरळ करून चापाच्या कड्याबाहेर आणताना त्यात बारीक कंप जाणवतो. तो जाईपर्यंत पुन्हा उचलायचं नाही, हे माझं मी वाढवलं.

१२ सप्टेंबर

नेमबाजीबाहेरची पण लिहून ठेवलीच पाहिजे अशी नोंद. मायग्रेन परत सुरू झालं. डॉक्टरांनी रोज घ्यायची प्रोप्रानोलॉलची गोळी सुचवली. नाव ऐकताच मी म्हटलं, "डॉक्टर, मी नेमबाज आहे, ही चालणार नाही." बीटा ब्लॉकर गटातली ही औषधं हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. म्हणून नेमबाजीत ती उत्तेजकविरोधी यादीवर आहेत, आणि तीही नुसती स्पर्धेपुरती नाही, स्पर्धा नसतानाही. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं, पण त्यांनी लगेच यादी उघडली आणि यादीत नसलेलं औषध लिहून दिलं.

आमच्यात नव्याने येणाऱ्या मुलींना हे कुणी तरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं. मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही योगायोगाने.

२८ सप्टेंबर

वाईट आठवडा. 'खाली' रकाना फुगलाय. आज ६० शॉटांसाठी १०१ वेळा पिस्तूल उचललं, म्हणजे ४१ वेळा हात खाली. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा सहा शॉट बाकी होते. ते घाईघाईत मारले: ८, ९, ७, ८, ९, ८. एकूण ५४९. खांदा संध्याकाळपर्यंत दुखत होता. पिस्तूल किलोभराचं असतं, पण सरळ ताणलेल्या एका हातात शंभर वेळा धरल्यावर ते किलोचं राहत नाही.

दोन वर्षांत एवढी निराश झाले नव्हते. वाटलं, हा सगळा प्रयोगच चुकला.

सरांनी रकाना वाचला. मी प्रत्येक 'खाली'समोर कारण लिहिते. ४१ पैकी २६ ठिकाणी लिहिलं होतं: "हात हलत होता."

"हात हलणारच," सर म्हणाले. "जिवंत माणसाचा आहे. पूर्ण थांबायची वाट बघत बसलीस तर ७५ मिनिटं पुरायची नाहीत. साइट एका ओळीत आहे ना? मग त्या हलण्यातच चाप सुटू दे."

९ ऑगस्टचं गणित मीच लिहिलं होतं आणि मीच विसरले. अख्खा हात तीन-चार मिलिमीटर हलला तर दहाच राहतो. मी सव्वीस वेळा चांगला शॉट खाली आणला, नुसता भीतीपोटी.

आता कारणं तीनच: साइट पुसट झाली, आठ सेकंद उलटले, किंवा डोक्यात दुसरा विचार शिरला. "हात हलत होता" असं लिहायला बंदी.

जाता जाता सर म्हणाले की २०१८ च्या आधी महिलांना ४० शॉट असायचे, आता पुरुषांइतकेच ६०. त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींची अख्खी मॅच माझ्या चौथ्या सिरीजला संपायची. मी वही चाळली. माझ्या बुडालेल्या आठ सिरीजपैकी पाच चौथ्या किंवा त्यापुढच्या निघाल्या.

१३ ऑक्टोबर

चापाचं वजन तपासलं. नियमाने ते कमीत कमी ५०० ग्रॅम हवं. नळी उभी ठेवून चापावर ५०० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि पिस्तूल वर उचलायचं. वजन उचलूनही चाप सुटला नाही पाहिजे. दोनदा टिकला, तिसऱ्यांदा टक् करून सुटला. पोटात धस्स झालं. मॅच संपल्यावर चिठ्ठ्या काढून काही जणांचा चाप पुन्हा तपासतात, आणि तिथे कमी भरला तर बाद. ७५ मिनिटांची मेहनत एका स्प्रिंगवरून जायची.

स्क्रू पाव फेरा आवळला. आता ५२० वर आहे. वीस ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण बोटाला दिवसभर परकं वाटत राहिलं. महिना हातात असताना कळलं हे बरं झालं.

२६ ऑक्टोबर

आवाजात सराव. मैत्रिणीने मागे स्पीकरवर गर्दीचा आवाज लावला, दोघी-तिघी मुद्दाम खुर्च्या ओढत होत्या. ५६३, उचललं ७७ वेळा, खाली १७. वेळ ६८ मिनिटं. पहिल्यांदाच सहाही सिरीज ९२ च्या वर.

रात्री दोन जुन्या फायनल बघितल्या. २००४, अथेन्स, ५० मीटर थ्री पोझिशन रायफल. मॅथ्यू एमन्स आघाडीवर होता आणि त्याने शेवटचा शॉट शेजारच्या लेनच्या टारगेटवर मारला. शून्य. सुवर्णाच्या उंबरठ्यावरून आठवा. तेव्हापासून माझ्या उचलण्याच्या क्रमात एक पायरी वाढली: आधी लेनचा आकडा वाचायचा, मग नजर खाली साइटवर. दुसरी २०१६, रिओ, ५० मीटर पिस्तूल. जिन जाँग-ओला मध्येच ६.६ लागला आणि सुवर्ण तरीही त्यानेच नेलं. त्या ६.६ नंतरचा भाग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला. पिस्तूल टेबलावर, एक श्वास, पुन्हा तेच सगळं, त्याच वेगाने.

१२ नोव्हेंबर

पोचलो. इक्विपमेंट कंट्रोलची रांग लांबलचक, पण काम भराभर. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं, वजन दीड किलोच्या आत, चाप पहिल्याच फटक्यात पास. बूट घोट्याच्या हाडाखाली आहेत का तेही पाहिलं. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. सिलिंडर दहा वर्षांच्या आतला आहे ना, हे बघणं नेमबाजाचंच काम. माझ्या पुढच्या मुलीच्या ग्रिपचा, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीचा, तळहाताखालचा भाग जास्त वर वळलेला निघाला. ती कोपऱ्यात बसून कानशीने घासत होती, डोळ्यांत पाणी. मी माझ्याकडचा सँडपेपर दिला. दुसऱ्या खेपेला तिचं पास झालं.

१३ नोव्हेंबर

सरावाचा दिवस. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि लेन मोजायचा मोह आवरला नाही. आमच्या रेंजवर आठ आहेत. इथे साठच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

प्रकाश आमच्या रेंजपेक्षा बराच जास्त. काळा गोल लहान आणि धारदार दिसतो, साइटची वरची कड चमकते. पहिले पाच शॉट एकत्र पडले पण वर, सगळे बारा वाजण्याच्या दिशेने नवात. पहिल्याच शॉटला क्लिक (साइट सरकवायच्या स्क्रूचा एक टप्पा) फिरवायचा नाही, पाचांचा ग्रुप बघायचा, हे मनाशी म्हणत राहिले. मग मागची साइट चार क्लिक खाली. पुढचे पाच मध्यावर. चार क्लिक वहीत, चार क्लिक हातावर पेनने.

झोप तुटक.

१४ नोव्हेंबर

दुसरी डिटेल, म्हणजे नेमबाजांची दुसरी तुकडी, लेन २३. माझी वही टेबलावर आणली नाही. मैत्रीण प्रेक्षकांत, रेघा ओढायला.

साइटर्सची, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटांची, १५ मिनिटं. तोंड कोरडं पडलं होतं. पिस्तुलाच्या नळीतून सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी असल्याची खूण) केशरी दोरी काढली तेव्हा ती थरथरताना दिसली, म्हणून टेबलावर ठेवली आणि तळहात पँटवर पुसला. ग्रिपमधल्या बोटांच्या खाचा मी स्वतः घासून केल्यात. अंगठ्याखाली एक जागा गुळगुळीत झाली आहे. तिथे अंगठा बसला आणि हात ओळखीचा वाटला. साइटर्स अकरा मारले. सगळे नऊ-दहात.

"मॅच फायरिंग, स्टार्ट."

पहिला शॉट नऊ. दुसऱ्याला हात दोनदा खाली. पहिली सिरीज ९४, दुसरी ९३, तिसरी ९२. या अर्ध्या तासाबद्दल लिहायला काही आठवतच नाही. आठवते ती पुढची साइट, तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्या सारख्या आहेत की नाहीत.

मग ३० शॉट झाल्यावर मॉनिटरवर एकूण बघितलं. २७९. दुप्पट केले, ५५८. पात्रता फेरीत ५५४ होते. म्हणजे चार जास्त. मग ३१ वा दहा, ३२ वा दहा. म्हणजे आता ५६० होऊ शकतात. घरी फोन करून काय सांगायचं तेही डोक्यात तयार झालं.

३३ वा नऊ. ३४ वा आठ. ३५ वा सात.

सात लागायच्या आधी कळलं होतं, अगदी ३ ऑगस्टला सांगितलं तसंच. काळा गोल स्वच्छ दिसत होता, साइट पुसट होती, आणि मी दाबला, कारण आठ लागून गेलेला होता आणि मला तो लगेच भरून काढायचा होता. मग ८, ९, ८, ९, ८. सिरीज ८६. दहा शॉटांत एकदाही हात खाली घेतला नाही.

पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग घातला, टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसले. रेंज ऑफिसरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. दोन्ही बाजूंना पिस्तुलांचा तो बारीक फट् फट् आवाज, टारगेटचा ठक्. डोळे मिटले तर ते सातचं ठिपकं दिसायचं, म्हणून उघडे ठेवून बुटाच्या लेसकडे बघत राहिले. लेसची एक गाठ सैल होती. ती सोडली आणि परत बांधली. तीन मिनिटं गेली असतील. मॉनिटर इतका बाजूला वळवला की शॉट दिसेल पण एकूण सहज दिसणार नाही.

पाचवी सिरीज ९१. चांगली म्हणता येणार नाही, पण त्यात दोनदा हात खाली आला.

सहावी मला आयुष्यभर लक्षात राहील. ९, १०, ९, १०, ९, १०, १०, ९, ९. दहा मिनिटं उरल्याची घोषणा झाली तेव्हा माझे पाच बाकी होते. पाच मिनिटांच्या घोषणेला दोन. शेजारच्या दोघी संपवून निघून गेल्या होत्या, उजवीकडे कुणीच नव्हतं. शेवटच्या शॉटला उचललं, आठ सेकंद झाले, खाली. पुन्हा उचललं, डोक्यात "शेवटचा" हा शब्द आला, खाली. घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद. छर्रा आधीच भरलेला. तिसऱ्यांदा लेनचा आकडा वाचला, २३. साइट खाचेत बसली, दोन्ही पट्ट्या सारख्या, काळा गोल धुरकट. हात थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. चाप कधी सुटला ते कळलं नाही. साइट तिथेच होती.

दहा. आतला दहा.

एकूण ५५१. फायनलच्या पहिल्या आठांपासून फार लांब. चिठ्ठी निघाली आणि माझाच चाप तपासायला नेला. वजन उचललं, चाप टिकला. बाहेर आले तर परवाची कानशीवाली मुलगी दारात उभी होती. तिने सँडपेपरचा उरलेला तुकडा परत दिला. तिचे ५६९. मिठी मारली मी तिला.

१५ नोव्हेंबर

मैत्रिणीच्या रेघा उतरवून घेते. सिरीजनुसार 'खाली': ३, ५, २, ०, २, ४. एकूण १६. गुण: ९४, ९३, ९२, ८६, ९१, ९५.

सरांना आकडे पाठवले. त्यांचा फोन आला, शून्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. विचारलं, "शेवटच्याला दोनदा खाली आणताना किती वेळ शिल्लक होता?" सांगितलं. काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "तो शॉट मला उद्या रेंजवर सविस्तर सांग."

५५१ ने वाईट वाटतंय, ते लिहून ठेवते. ५६० माझ्या आवाक्यातले होते आणि दहा शॉटांत गेले.

२२ नोव्हेंबर

पुन्हा आमच्या रेंजवर. चार क्लिक वर परत घेतले. मॉनिटरवर एकूण दिसतं त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. मॅचमध्ये ते चालायचं नाही, पण एक महिना तरी न बघता मारायची सवय लागू दे. सरांनी नवा सराव दिलाय: तिसऱ्या सिरीजनंतर प्रत्येक वेळी पिस्तूल टेबलावर, खुर्चीत तीन मिनिटं, सिरीज कितीही चांगली गेलेली असो.

आजचे ६० शॉट. उचललं ७८ वेळा, खाली १८. चौथ्या सिरीजमध्ये चार. गुण मैत्रिणीकडे आहेत, मी अजून विचारलेले नाहीत.